कोरं दूधही पॉझिटिव्ह: जनुक ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडचं नेमकं कुठे चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पीएचडीचं शेवटचं वर्ष. ४ मिलिमीटर व्यासाच्या, सोन्याच्या शाईच्या स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोडवर साल्मोनेलाच्या इन्व्ह-ए जनुकासाठी थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट) लावलेला २२ बेसचा प्रोब, म्हणजे जनुकाला जुळणारा डीएनएचा एकेरी तुकडा, बसवला आणि वर मरकॅप्टोहेक्झॅनॉलचा थर दिला. फेरी-फेरोसायनाइडमध्ये इम्पिडन्स, म्हणजे विद्युत-रोध, मोजतो. बफरमध्ये कृत्रिम टार्गेट घातलं की १ फेम्टोमोलरपासून १ नॅनोमोलरपर्यंत सरळ रेषा मिळते. पण दुधातून कॉलम किटने काढलेला डीएनए घातला की सगळेच नमुने पॉझिटिव्ह, साल्मोनेला न घातलेलं दूधसुद्धा. ग्राफीन किंवा सोन्याचे नॅनोकण लावले तर सुटेल का? हातात सहा महिने आहेत."

ग्राफीनचं आधीच सांगून टाकतो: सध्या नको. तुम्ही सिग्नल वाढवायला निघाला आहात, पण सिग्नल तुमच्याकडे भरपूर आहे. जिथे साल्मोनेलाच नाही त्या दुधातही आहे! तुमचा इलेक्ट्रोड काहीतरी नक्की मोजतोय. ते इन्व्ह-ए आहे की दुसरंच काही, हे तुम्ही अजून तपासलेलं नाही. नॅनोकणांनी पृष्ठभाग वाढेल, म्हणजे दुधातली घाण चिकटायलाही जास्त जागा मिळेल. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तुमच्या किटचं रसायन, धुण्याच्या पायऱ्या, इलेक्ट्रोडची बॅच यातलं काहीच मला दिसत नाही, त्यामुळे पुढचं काही अंदाजाने लिहितोय. पण या प्रकारचे सेन्सर बरीच वर्षं बनवतोय आणि बिघडवतोयही, त्यामुळे पाणी कुठे मुरतं याच्या जागा बऱ्यापैकी माहीत झाल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे मोजण्याची पद्धतच. प्रोबला टार्गेट जुळलं की पृष्ठभागावर ऋणभार वाढतो, ऋणभारित फेरोसायनाइडला सोन्यापर्यंत पोचणं जड जातं आणि भार-हस्तांतरणाचा रोध, म्हणजे आपण ज्याला आरसीटी म्हणतो तो, वाढतो. इथवर ठीक. पण सोन्यावर केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, बसलं तरी आरसीटी वाढतो. स्निग्धांशाचा पातळ थर बसला तरी वाढतो. प्रोबशी काही संबंध नसलेला डीएनए नुसता पडून राहिला तरी वाढतो. घाण आणि साल्मोनेला दोन्ही काटा एकाच दिशेला ढकलत असतील, तर काट्याकडे बघून कोणी ढकलला हे कसं सांगणार? बफरमध्ये ही अडचण दिसत नाही, कारण तिथे ढकलणारा एकच असतो.

याचं उलटं टोकही ध्यानात ठेवा. २००३ मध्ये आलेल्या हेअरपिन, म्हणजे केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या, प्रोबच्या सेन्सरमध्ये प्रोबच्या टोकाला प्रवाह देणारं फेरोसिन असतं. टार्गेट जुळलं की हेअरपिन उघडते, फेरोसिन सोन्यापासून लांब जातं आणि प्रवाह घटतो. कल्पना देखणी आहे. पण तिथे प्रोब सुटला, थर खराब झाला, संदर्भ इलेक्ट्रोड बिघडला, काहीही झालं तरी प्रवाह घटतोच, आणि प्रत्येक बिघाड 'पॉझिटिव्ह' दिसतो. म्हणून सेन्सर निवडताना मी पहिल्यांदा विचारतो: हा बिघडला तर उत्तर कोणत्या बाजूला चुकेल? संवेदनशीलता त्यानंतर.

दुसरी जागा किट. बहुतेक सिलिका कॉलम किटमध्ये डीएनए सिलिकाला बांधण्यासाठी ग्वानिडीन लवण वापरतात, आणि अनेकांत ते ग्वानिडीन थायोसायनेट असतं. थायोसायनेटला सोनं फार आवडतं, ते सोन्यावर घट्ट चिकटतं. धुण्याच्या बफरमधला इथेनॉल नीट उडाला नाही तर तोही इल्यूशनबरोबर, म्हणजे कॉलममधून शेवटी निघणाऱ्या द्रावणाबरोबर, येतो. शिवाय इल्यूशन बफरमधले क्षार तुमच्या हायब्रिडायझेशन (प्रोब-टार्गेट जुळणीच्या) बफरपेक्षा कितीतरी कमी असतात, म्हणजे इलेक्ट्रोडला एकदम वेगळंच पाणी लागतं. स्क्रीन-प्रिंटेड पट्टीवरचा चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड तर क्लोराइडवर अवलंबून असतो: क्लोराइड दहापट बदललं की त्याचं विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतं. इम्पिडन्स दरवेळी त्याच ताज्या फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात मोजत असाल तर हा शेवटचा त्रास टळतो. पण थेट नमुन्याच्या थेंबातच मोजत असाल तर नाही.

म्हणून आजच एक करा. किटमधून नुसतं शुद्ध पाणी चालवा. सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा, फक्त दुधाऐवजी पाणी. जे इल्यूशन मिळेल ते इलेक्ट्रोडवर घाला. तेही 'पॉझिटिव्ह' आलं तर दुधाला दोष देण्यात अर्थ नाही. माझा अंदाज विचाराल तर काही प्रमाणात तरी येईलच.

तिसरी जागा तुमच्या सरळ रेषेत आहे, आणि ती तुम्हाला सर्वात जास्त बोचेल. एक हिशोब मांडतो, कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर करा.

१ फेम्टोमोलर द्रावणाच्या १० मायक्रोलिटर थेंबात रेणू किती? सुमारे ६,०००. तुमच्या इलेक्ट्रोडचं भौमितिक क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंटिमीटर. चांगल्या थरात दर चौरस सेंटिमीटरला १०¹² ते १०¹³ प्रोब असतात. मधला ५×१०¹² धरला तर तुमच्या इलेक्ट्रोडवर सहाशे अब्जांहून जास्त प्रोब बसलेले आहेत. थेंबातला एकूण एक टार्गेट रेणू जुळला तरी दर दहा कोटी प्रोबमागे एक. दहा कोटीत एक धागा दुहेरी झाल्याने संपूर्ण पृष्ठभागाचा रोध मोजण्याइतका बदलेल, हे तुम्हाला पटतं का? मला पटत नाही.

भाराच्या भाषेतही बघू. प्रत्येक जुळलेल्या रेणूवर मिथिलीन ब्ल्यू या इलेक्ट्रॉन घेणाऱ्या रंगाचा एक टॅग असता आणि त्याने दोन इलेक्ट्रॉन घेतले असते, तर ६,००० रेणूंचा एकूण भार झाला साधारण २ फेम्टोकूलॉम. त्याच इलेक्ट्रोडच्या दुहेरी थराची धारकता दर चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोफॅरड असते. म्हणजे विभव नुसतं १ मिलिव्होल्ट हललं तरी ०.४ नॅनोकूलॉमच्या आसपास भार आत-बाहेर होतो, आपल्या सिग्नलच्या लाख-दोन लाख पट. आणि हे सगळे रेणू पृष्ठभागापर्यंत पोचले तर. २० बेसच्या डीएनएचा विसरणांक १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, त्यामुळे न ढवळलेल्या थेंबात १ मिलिमीटर जायलाच तासाच्या वर वेळ जातो. तुमचं इनक्युबेशन बहुधा अर्ध्या-एक तासाचं असेल.

मग रेषा आली कुठून? मला विचारा, माझीही आली होती. सुरुवातीच्या काळात मी एकाच इलेक्ट्रोडवर कमी संहतेपासून (द्रावणातल्या प्रमाणापासून) जास्तीकडे जायचो: इनक्युबेशन, धुणं, इम्पिडन्स, पुढची संहता. लॉग संहता विरुद्ध आरसीटी मांडला की रेषा इतकी सरळ यायची की भिंतीवर लावावी. मग एका सहकाऱ्याने सुचवलं, की सगळ्या नळ्यांत नुसता बफर भर आणि हाच क्रम कर. केला. तीच रेषा आली. दर फेरीला थर थोडा सरकतो, फेरी-फेरोसायनाइडमधलं सायनाइड सोनं थोडं कुरतडतं, थोडी घाण बसते. आणि प्रत्येक फेरी लॉग अक्षावर एक समान पायरी असल्यामुळे हा ड्रिफ्ट, म्हणजे आपोआप सरकत जाणं, अगदी कॅलिब्रेशनसारखा दिसतो. त्या संध्याकाळी मी आलेख काढून टाकला आणि दोन दिवस कोणाशी फारसा बोललो नाही.

तुमच्याकडे हेच झालंय असं मी ठामपणे म्हणत नाही. प्रत्येक संहतेला नवा इलेक्ट्रोड वापरला असेल आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही १ फेम्टोमोलरवर वरचा हिशोब आडवा येतोच. कृत्रिम टार्गेटची मूळ नळी मायक्रोमोलरमध्ये असते. त्याच पिपेटने, त्याच बाकावर, नऊ वेळा दहापट पातळ करताना थोडंसं टार्गेट पुढे वाहून जाणं अगदी सहज घडतं. 'फेम्टोमोलर' नळीत प्रत्यक्षात किती आहे हे क्यूपीसीआरने, म्हणजे प्रती मोजणाऱ्या पीसीआरने, तपासून बघा. त्यासाठी मात्र दोन्ही प्रायमरना (जिथून प्रत बनायला सुरुवात होते त्या छोट्या तुकड्यांना) जागा मिळेल असं लांब कृत्रिम टार्गेट मागवून तेच पातळ करा, २२ बेसच्या तुकड्यावर क्यूपीसीआर होत नाही.

आता खऱ्या नमुन्याकडे. कृत्रिम टार्गेट म्हणजे २२ बेसचा, एकेरी, स्वच्छ धागा. दुधातल्या साल्मोनेलाचं इन्व्ह-ए सुमारे ४८ लाख बेस-जोड्यांच्या दुहेरी गुणसूत्रात बसलेलं असतं, आणि एका गुणसूत्रावर त्याची एकच प्रत असते. कॉलमवर ते गुणसूत्र तुटतं, पण तुकडे हजारो बेसचे आणि दुहेरीच राहतात. तुमचा प्रोब एकेरी धाग्याला जुळतो. दुहेरीत त्याला शिरकाव नाही. ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून बर्फात बुडवलं तरी जोडीदार धागा त्याच थेंबात तरंगत असतो, आणि द्रावणात मोकळा असल्यामुळे तो तुमच्या पृष्ठभागावरच्या प्रोबच्या आधी जुळायची शक्यता जास्त. तुम्ही प्रश्नात तापवण्याचा उल्लेखच केलेला नाही. ती पायरी नसेल, तर खरं इन्व्ह-ए प्रोबला भेटलेलंच नाही आणि तुम्हाला दिसतंय ते सगळं दूध आणि किट यांचंच काम आहे.

संख्याही मोजून घ्या. समजा समृद्धीकरणानंतर, म्हणजे जीवाणू आधी वाढवल्यावर, दर मिलिलिटरला १० लाख साल्मोनेला आहेत. १ मिलिलिटरमधला डीएनए काहीही वाया न जाता १०० मायक्रोलिटरमध्ये काढला आणि त्यातले १० मायक्रोलिटर इलेक्ट्रोडवर घातले. प्रती झाल्या १ लाख, संहता सुमारे १७ फेम्टोमोलर. दहा लाख पेशी असूनही! आणि अन्नात साल्मोनेलासाठी नेहमीची अट असते २५ ग्रॅममध्ये नसणं, म्हणजे सैद्धांतिकदृष्ट्या २५ ग्रॅममधली एक पेशीही पकडली पाहिजे. म्हणून तर प्रमाणित पद्धतीत आधी २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये सुमारे १८ तास वाढवतात. सेन्सर कितीही तल्लख असला तरी १० मायक्रोलिटरच्या थेंबात आलीच नाही ती पेशी तो ओळखू शकत नाही.

इथवरचं एका दमात: तुमच्या रेषेचा खालचा भाग बहुधा ड्रिफ्ट किंवा पुढे वाहून आलेलं टार्गेट आहे, दुधाचा सिग्नल बहुधा किट आणि प्रथिनांचा आहे, आणि दुधातलं खरं टार्गेट दुहेरी व फार थोडं असल्यामुळे त्या सिग्नलमध्ये कुठेच नाही. नॅनोकण यातलं काहीही दुरुस्त करत नाहीत.

मग काय करायचं? माझं सरळ मत: फेम्टोमोलरचा हट्ट सोडा, डीएनए आधी वाढवा, आणि सेन्सरला नॅनोमोलरचं काम द्या. पीसीआर, किंवा एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या लॅम्प आणि आरपीए या पद्धती, यातलं काहीही नीट चाललं की उत्पादन नॅनोमोलरच्या घरात येतं; ५० मायक्रोलिटरमध्ये १०¹¹ प्रती म्हणजे सुमारे ३ नॅनोमोलर. तेवढं तुमच्या आजच्या इलेक्ट्रोडलाही झेपेल, आणि तिथे घाणीचा वाटा सिग्नलच्या तुलनेत लहान राहील.

यंत्र उपलब्ध असेल तर पीसीआरच वापरा, त्यातल्या खाचाखोचा सगळ्यांना माहीत आहेत. असममित पीसीआर केला, म्हणजे एक प्रायमर दुसऱ्याच्या कितीतरी कमी ठेवला, तर एकेरी धागा जास्त बनतो. किंवा एका प्रायमरच्या ५' टोकाला फॉस्फेट लावून नंतर लॅम्डा एक्सोन्यूक्लिएजने तो धागा खाऊन टाकायचा. दुसरा मार्ग स्वच्छ आहे, पण एक एन्झाइम आणि एक पायरी वाढते.

यंत्राशिवाय चालवायचं असेल तर आरपीए साधारण ३७ ते ४२ अंशांवर चालतो आणि लॅम्प ६० ते ६५ वर. आरपीएच्या प्रायमरला मध्ये कार्बनचा अडसर ठेवून एकेरी शेपटी जोडता येते. पॉलिमरेज त्या अडसरावर थांबतो, शेपटी एकेरीच राहते आणि ती थेट तुमच्या प्रोबला जुळते. तापवणं, एक्सोन्यूक्लिएज, काहीच लागत नाही. मला वैयक्तिक हा मार्ग आवडतो. पण एक धोका सांगायलाच हवा: आरपीएच्या मिश्रणात सहसा डीटीटी असतं. डीटीटीला दोन थायॉल असतात आणि ते तुमच्या प्रोबची सोन्यावरची जागा बळकावतं. मिश्रण तसंच इलेक्ट्रोडवर ओतलं तर थर उखडायला लागतो. मीही एकदा प्रोबचं डायसल्फाइड डीटीटीने तोडलं आणि डिसॉल्टिंग कॉलम 'एकदा चालेल' म्हणून आधी वापरलेलाच घेतला. नंतरचे तीन आठवडे एकही इलेक्ट्रोड दुसऱ्यासारखा वागेना. रुथेनियम हेक्झअमीनने (डीएनएला चिकटणाऱ्या धनभारित संयुगाने) प्रोबची घनता मोजली तेव्हा कळलं, की सोन्यावर प्रोब जवळजवळ नव्हताच, होतं ते डीटीटी. तेव्हापासून मी डीटीटीऐवजी टीसेप (डायसल्फाइड तोडणारं, पण थायॉल नसलेलं रसायन) वापरतो, आणि आरपीएचं उत्पादन निदान एका झटपट शुद्धीकरणातून काढल्याशिवाय सोन्याला लावत नाही.

लॅम्पमध्ये हा त्रास नाही, पण मॅग्नेशियम पायरोफॉस्फेटचा पांढरा गाळ बनतो आणि तो इलेक्ट्रोडवर बसतो. शिवाय लॅम्प इतकं प्रचंड उत्पादन बनवतो, की झाकण उघडल्याबरोबर खोलीभर टार्गेट पसरतं आणि पुढच्या आठवड्यापासून पाणीही पॉझिटिव्ह येऊ लागतं. इलेक्ट्रोडसाठी नळी उघडावी लागतेच. म्हणून वाढवण्याची आणि मोजण्याची खोली वेगळी, पिपेटही वेगळे. ही शिस्त जमणार नसेल तर लॅम्पच्या वाटेला जाऊ नका.

कास-१२ए या क्रिस्परच्या एन्झाइमबद्दल कोणीतरी सुचवेलच, म्हणून दोन शब्द. २०१८ मध्ये तो निदानासाठी पुढे आला तेव्हापासून सगळ्यांना त्याची भुरळ पडली आहे. दुहेरी टार्गेट ओळखलं की तो आसपासचे एकेरी धागे तोडत सुटतो. पृष्ठभागावरचा मिथिलीन ब्ल्यू लावलेला धागा तुटला की प्रवाह घटतो. म्हणजे पुन्हा तोच घटणारा सिग्नल, आणि वर सांगितलेली पुन्हा तीच शंका. मला विरोध नाही, फक्त सहा महिन्यांत सुरू करायची ही गोष्ट नाही.

मोजण्याची पद्धतही बदला असं मी म्हणेन. इम्पिडन्सऐवजी सँडविच करा: एक प्रोब सोन्यावर, दुसरा टार्गेटच्या शेजारच्या भागाला जुळणारा आणि त्यावर एचआरपी एन्झाइम. टीएमबी (एचआरपी ज्यावर काम करतं ते रसायन) घालून प्रवाह मोजायचा. दोन कुलपं उघडली तरच सिग्नल येतो आणि तो वाढतो. प्रथिनांचा थर बसला तर सिग्नल कमी होईल, खोटा पॉझिटिव्ह सहसा येणार नाही. 'सहसा' अशासाठी, की एचआरपी स्वतःच सोन्याला चिकटलं तर येतो. ते रोखायला बाजारात मिळणारे ब्लॉकर बघाल तर त्यातला एक नेहमीचा ब्लॉकर केसिनच आहे. ज्याने तुमचा थर बिघडवला, त्याचाच थर आधी मुद्दाम द्यायचा!

लेबलशिवाय थेट डीएनए मोजायचा मोह या क्षेत्राइतकाच जुना आहे. ब्रनोमध्ये एमिल पालेचेक यांनी १९६० च्या सुमारास पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर दाखवलं, की डीएनएचे बेस स्वतःच विद्युत-रासायनिक सिग्नल देतात. ग्वानिनचं ऑक्सिडेशन अजूनही अनेकजण वापरतात. पण ग्वानिन प्रत्येक डीएनएत असतं, साल्मोनेलाच्याही आणि गाईच्याही. दुधात गाईच्या पेशी असतातच. थोडक्यात, तुमच्या नमुन्यासाठी ते बाद.

आता पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं. एकाच बॅचचे इलेक्ट्रोड काढा. प्रोब बसवण्याआधी प्रत्येक इलेक्ट्रोड ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात काही चक्रं फिरवा आणि साधारण ०.९ व्होल्टजवळचं सोन्याच्या ऑक्साइडचं शिखर बघा. त्याखालचा भार ३९० मायक्रोकूलॉम प्रति चौरस सेंटिमीटरने भागला की खरं क्षेत्रफळ मिळतं. स्क्रीन-प्रिंटेड सोन्यात ते भौमितिकपेक्षा जास्तच निघतं आणि पट्टीगणिक बदलतं. फार वेगळी पट्टी बाजूला ठेवा. पिरान्हा (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) मात्र वापरू नका, शाईतला बाइंडरच उडून जाईल.

मग चार गोष्टी, प्रत्येकी किमान पाच वेगळ्या इलेक्ट्रोडवर, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने: नुसता बफर, किटमधून काढलेलं पाणी, किटमधून काढलेलं कोरं दूध, आणि त्याच किटमधून काढलेला, साल्मोनेला नसलेल्या दुसऱ्या जीवाणूचा भरपूर डीएनए, ई. कोलाय चालेल. हेच चारही पुन्हा दुसऱ्या प्रकारच्या इलेक्ट्रोडवर करा, ज्यावर तेच बेस उलटसुलट क्रमाने लावलेला निकामी प्रोब आहे. दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखाच आरसीटी वाढला तर जनुकाशी त्याचा संबंध नाही. पाण्यातच वाढला तर किट. पाण्यात नाही पण दुधात वाढला तर प्रथिनं किंवा स्निग्धांश. फक्त ई. कोलायमध्ये वाढला तर डीएनए नुसता चिकटतोय. क्षार आणि धुणं कडक करा.

धुताना इलेक्ट्रोडकडे डोळ्यांनी बघा, पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रावर, सगळं सोडू नका. मरकॅप्टोहेक्झॅनॉलचा चांगला थर पाणी धरतो, थेंब पसरून चपटा होतो. दुधाच्या इल्यूशननंतर धुतलेल्या पट्टीवर थेंब कडेने आकसू लागला, किंवा उजेडाखाली तिरकी धरल्यावर सोन्यावर धुकट पट्टा दिसला, तर मोजण्याआधीच उत्तर मिळालं समजा. मरकॅप्टोहेक्झॅनॉलची बाटली किती जुनी आहे तेही बघून घ्या. बाटलीत हवा जात राहिली की ते हळूहळू डायसल्फाइड बनतं आणि थर विरळ होतो.

शोधसीमा काढताना लॉग आलेखाची रेषा खाली ताणून ३ सिग्मा लावू नका. तो सुतावरून स्वर्ग झाला. कोऱ्या दुधाचे निदान २० नमुने, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवर मोजा. त्यांची सरासरी अधिक १.६४५ पट प्रमाण विचलन ही तुमची कोऱ्याची सीमा. ज्या संहतेला शंभरातले ९५ नमुने त्या सीमेच्या वर जातात ती शोधसीमा. बफरच्या कोऱ्यावरून दुधाची सीमा सांगणं कोणताही चांगला परीक्षक मान्य करणार नाही.

जनुक सापडलं म्हणजे धोका सापडला, असंही धरून चालू नका. पाश्चराइज केलेल्या दुधात मेलेल्या साल्मोनेलाचा डीएनए राहतो आणि तुमचा सेन्सर तो आनंदाने मोजेल. आधी समृद्धीकरण केलं तर जिवंत वाढतात आणि मेलेल्यांचा वाटा नगण्य होतो; ते नसेल तर पीएमए हा डीएनएला चिकटणारा रंग वापरून मेलेल्या पेशींचा डीएनए आधीच निकामी करावा लागतो. इन्व्ह-ए त्यातल्या त्यात सरळ जनुक आहे, तरीही सगळे साल्मोनेला पकडत नाही: १९९२ च्या ज्या अभ्यासामुळे ते प्रचलित झालं त्यात साल्मोनेलाच्या ६३० वाणांपैकी (स्ट्रेनपैकी) ६२६ सापडले, चार सुटले. पुढे कधी ई. कोलायच्या शिगा विषाकडे वळलात तर तिथे आणखी गुंता आहे. ते जनुक फाजवर, म्हणजे जीवाणूंच्या विषाणूवर, असतं, त्यामुळे मोकळे फाजही पॉझिटिव्ह देतात, आणि जीवाणू ते गमावूही शकतो. मेथिसिलीन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसमध्ये मेक-ए हे प्रतिरोधाचं जनुक बघाल, तर तेच जनुक त्वचेवरच्या इतर स्टॅफिलोकॉकसमध्येही सापडतं, आणि २०११ मध्ये कळलेलं मेक-सी मेक-एच्या प्रोबला सापडत नाही, कारण त्यांचा क्रम सुमारे ७० टक्केच जुळतो. प्रत्येक जनुकाची अशी स्वतःची तऱ्हा असते. प्रोबचा क्रम ठरवण्याआधी ती वाचून घ्या.

सहा महिन्यांचं विचाराल तर पुरेत. पहिला महिना वरच्या चार कोऱ्यांना आणि निकामी प्रोबला द्या. दुसरा-तिसरा शेपटीच्या आरपीएला किंवा असममित पीसीआरला. चौथा सँडविचला. पाचव्यात खरं दूध: ठरावीक पेशी मोजून घातलेली, आणि कोणत्या नळीत काय आहे हे तुम्हाला माहीत नसलेली. नळ्यांवर क्रमांक दुसऱ्या कोणाला तरी घालायला लावा. जुनी फेम्टोमोलर रेषा प्रबंधात ठेवायची की नाही, हे बफरच्या नळ्यांवर काय येतं त्यावर ठरवा. तीच रेषा आली, तर ती 'ड्रिफ्ट' या मथळ्याखाली ठेवा. त्या प्रकरणाचा इतरांना तुमच्या सेन्सरपेक्षा जास्त उपयोग होईल, आणि तोंडी परीक्षेत त्यावरचा प्रश्न तुम्हाला सर्वात आधी विचारला जाईल.

पाण्याचं इल्यूशन घातल्यावर आरसीटी किती बदलला ते कळवा, आणि किटच्या बाइंडिंग बफरमध्ये थायोसायनेट आहे की हायड्रोक्लोराइड, तेही लेबल वाचून लिहा. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल.